दुधाची ओटी

“हा खन हिच्या अंगावर कसा?” थोरले भावजी उंबऱ्यात उभे राहून वरडले. भर दुपार, चुलीवर कुळीथ रटरटत व्हते, परसदाराजवळ जैनू भितीला टेकून बसलेली, तिच्या मांडीवर माजा दगडू, आनि तो पीत व्हता. भावजी येनार हे कुनाला ठावं नव्हतं. मुंबईहून बोटीनं दासगावला उतरले आनि तसेच चालत आले, डोक्याला फडकं, फडक्यावर वाळलेलं रगत, दाढी वाढलेली. मला आधी वाटलं, ह्यांचं काय झालं, माज्या कारभाऱ्याचं, तेबी मुंबईतच गिरनीत व्हते. पन थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती, मी पदर डोळ्यांपर्यंत वढला आनि भांड्यांच्या फळीआड सरकले. दुसरा कुनी असता तर पाजती बाय बघून मागच्या पावली फिरला असता. ते फिरले नायत. डोळं खाली घातलं नाय. जैनूच्या चोळीकडं बघत राहिले, हिरवा खन, लाल काठ, दगडूच्या बारशाला तेनीच धाडलेला. जैनूनं घाईनं पदर वढला, पोराचं तोंड सुटलं, आनि ते असं किंचाळलं की माजं काळीज फाटलं.

“भाऊ, पोर भुकेजलं व्हतं,” जैनू म्हनाली.

“भाऊ म्हनू नको मला! तुमच्या भावांनी हितं मारलंय, बघ!” तेनी फडकं उपसलं. कपाळावर काळी झालेली जखम, वर माशी बसली. जैनूनं पोर जमिनीवर फटकुरावर ठेवलं, सुकटीची टोपली उचलली आनि परसदारानं गेली. जाताना तिनं माज्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं.

आता मागचं सांगते, नायतर कुनाला कळायचं नाय. आमचं घर सावित्रीच्या काठाला, महाड आनि दासगावच्या मधी, भरतीचं पानी मागल्या वईपर्यंत, काट्यांच्या कुंपनापर्यंत, यायचं आनि वहोटीला नुसता चिखल, तेचा वास घरभर. माजं माहेर वर डोंगरात, कुडपणला. तिथं गुरं, शेरडं, नाचनी, वरी आनि वारा. पोलादपुरात मामाकडं राहून दुसरीचं बुक निम्मं शिकले, मंग लगीन झालं आनि खाली आले. खाली आल्यावर मला धाप लागायची. उकाड्यानं का भ्यानं, सांगता येनार नाय. ह्या घरात माज्यापेक्षा जात्याचा आवाज मोठा व्हता. आत्याबाय, म्हंजे माजी सासू, पाटंला उठायची, जातं घरघरायचं, खाली घाटावर मचव्यांचे लोक एकमेकांना हाळ्या घालायचे, आनि मी पडून पोट चाचपायची. पयलं मूल दीड म्हैन्याचं व्हऊन गेलं व्हतं. म्हनून दुसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोन नेतं.

दगडू दोन म्हैन्यांचा झाला आनि मला हिवताप आला. चार दिस हुडहुडी, पाचव्या दिशी ताप गेला तो दूध घेऊनच गेला. छाती कोरडी फट. शेरडीचं दूध पानी घालून कापसाच्या वातीनं चोखायला दिलं, वकला. तांदळाची पेज दिली, वकला. रडनं बारीक बारीक झालं, मांजराच्या पिल्लागत. आत्याबाय दृष्ट काढायची, मी देवाला हात जोडायची, आनि दोघी एकमेकींकडं बघायचं टाळायचो, कारन पयल्या पोराचं रडनं असंच बारीक झालं व्हतं.

जैनू वढ्यापल्याडच्या मोहल्ल्यातली. तिचा दादला दाऊद मचव्यावर तांडेल, कौलं नि भात घेऊन खाडीनं जायचा यायचा. ती सुकट इकायला दारोदार फिरायची, पाठीला चार म्हैन्यांची अमिना बांधलेली. त्या दिशी परसदारी आली, “सुकट घेतंस काय गो?” म्हनाली आनि तिथंच थांबली. कान दिला.

“ह्याचा आवाज गेला गो. दे हिकडं.”

मी आत्याबायकडं बघितलं. आत्याबायनं जात्यावरचं पीठ फडक्यात भरलं, सावकाश गाठ मारली आनि म्हनाली, “मला शेन्या उलथायच्या हायत. मी मागल्या वाडीत जाते.” आनि गेली. तेवढंच. पोर जैनूच्या छातीला लागलं, पयले दोन-तीन घोट गिळताना गुदमरलं, आनि मंग जो आवाज आला, गुटुक गुटुक, तो मी अजून इसरले नाय. मी मटकन खाली बसले नि रडले. जैनू हसायला लागली. “रडतंस कशाला? आता हा माज्या अमिनाचा भाव झाला. आमच्यात दुधाचा भाव सख्ख्यावानी. मोठा झाला की मागनी घालायला येऊ नको म्हनावं तेला, दारातून हाकलीन!”

तीन आठवडे ती रोज दोनदा आली. वरनं सुकट इकायचं निमित्त, आत दुदाचं काम. आनि आता एक सांगते, जे मी कुनालाच सांगितलं नाय. ती गेली की आत्याबाय तिच्या बसलेल्या जागी शेनाचा गोळा घेऊन सारवायची. रोज दोनदा. पोराच्या पोटात दूध चालत व्हतं, जमिनीवर बूड चालत नव्हतं. मी पानी वतून द्यायची. एकदा जैनू टोपली इसरली म्हनून परत फिरली आनि तिनं आमाला सारवताना बघितलं. टोपली घेतली. दुसऱ्या दिशी आली ती आपनच सारवलेली जागा सोडून उंबऱ्याबाहेर बसली, आत्याबायच म्हनाली, “आत ये गो, ऊन हाय.” लिवताना मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आनि ओटी. ती चूक माजी. आमच्या डोंगरात रीत अशी, की दुसरीनं तुमच्या पोराला पाजलं तर तिची ओटी भरायची, तांदूळ, नारळ, कोरा खन. फुकटचं दूध पोराच्या पोटात उलटतं म्हनतात. वर धनगरनीनं पाजलं तरी आई तिची ओटी भरायची, कुनी नाव ठेवायचं नाय. खाली काय चालतं काय नाय हे मला कोन सांगनार? घरात कोरा खन एकच, बारशाचा. मी जैनूला पाटावर बसवली, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खन ठेवला आनि कुंकवाची डबी उघडली. ती मागं सरली. “कपाळाला नको गो, घरात बोलतील. नारळाला लाव.” मी नारळाला लावलं. भागलं. तिनं चार दिसांत तेची चोळी शिवून घातली नि मला दाखवायला पाठ फिरवून उभी राहिली. “बग, बेगम दिसते का नाय?”

तर ते भावजी. त्या दिशी सांजपर्यंत पडवीत बसून तेनी मुंबईतला हिंदू-मुसलमानांचा दंगा सांगितला. अर्धी वाडी गोळा झाली. तेनी जे पाह्यलं ते खोटं नव्हतं, हे मी म्हनते. गिरनीतून सुटून येताना गल्लीत अडवलं, लोखंडी सळीनं मारलं, बाजूच्याला भोसकलं, तेचं आतडं रस्त्यावर. दुसऱ्या दिशी तेंच्या चाळीतल्यांनी एका पाववाल्याला धरला. पाववाल्याचं काय केलं ते तेनी सांगितलं नाय, नुसते हसले, आनि ऐकनारेबी हसले. ते हसनं आत सैपाकघरात ऐकू आलं, आनि तव्यावरची भाकरी करपली.

“तुमी हितं गाढ झोपलेत,” भावजी म्हनत व्हते. “मालूम हाय काय? तेंचं खानं निराळं, देव निराळा, तोंड बी निराळ्या दिशेला. दोन निराळी मानसं एका जागी नांदत नसतात. आज मुंबईत, उद्या हितं, परवा सगळ्या जगात हीच लढाई व्हनार. राजांची नाय, जमिनीची नाय. रीतींची लढाई. लिवून ठेवा.” आनि पानाची पिंक वईवर टाकली, लाल, आत्याबायनं वाळत घातलेल्या दुपट्यावर शिंतोडे उडाले. एक म्हातारा म्हनाला, “आरं, पन वढ्यापल्याडचे तर आपल्या पालखीला वाट सोडतात की.” “ती दगाबाजी!” भावजी म्हनाले.

मंग आत आले. माज्याशी नाय, आत्याबायशी बोलले, मी ऐकावं म्हनून.

“आये, हिला इचार, बोलावून पोर दिलं का ती बाय आपनच घुसली. बोलावून दिलं असंल तर ही उद्या कुडपणला जाईल. एकटी. पोर आमच्या घरचं हाय, ते हितं राहील.”

“आरं, आईबिगर पोर?” आत्याबाय म्हनाली.

“आतापतूर काय आईवर जगलंय?”

मी रातीचं काय सांगत नाय. पोर रडलं, वकलं, रडलं, एवढंच.

सकाळी देवळाफुडं गावकी बसली. म्हंजे वाडीचे बापे, जाजमावर, इड्या वढत. बायका बाजूला, चाफ्याखाली. दगडू माज्या खांद्यावर, मान लुळी. गावकार, सगळ्यांत वयानं मोठा, बरा मानूस व्हता, तेनं हळू आवाजात इचारलं, “सूनबाय, भ्यायचं नाय. बाय आपनहून आली, का तू बोलावलंस?”

मी कदी बाप्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. आत्याबाय माज्या बाजूला, तिच्याकडं बघितलं. वाटलं, ही म्हनंल, मीच डोळेझाक केली. ती पदराच्या टोकाला गाठ मारत व्हती आनि सोडत व्हती.

“आपनहून आली,” मी म्हनाले.

“तू कुठं व्हतीस?”

“तापात.”

“आनि खन?” भावजी मधीच. “खन तिच्या अंगावर कसा गेला ते सांगाया सांग हिला!”

इथं मला पळून जायला पायजे व्हतं, का मरायला, काय ते ठावं नाय. सगळी तोंडं माज्याकडं. इड्यांचा धूर. दगडूनं माज्या मानेला तोंड लावलं आनि चोखायला लागला, मानेला, घामाला. बोलावून ओटी भरली म्हनाले असते तर हे तोंड सांजपर्यंत माज्याजवळ राहिलं नसतं.

“ठावं नाय,” मी म्हनाले. “फळीवर व्हता. तिनंच नेला असंल.”

बायकांत “अगो बाय!” असं झालं. भावजींनी मांडीवर थाप मारली, जनू कायतरी जिंकले. “घ्या! दूध पाजून पोर बाटवायचं, वर चोरी. मी काय सांगत व्हतो?” आनि जमलेल्यांची तोंडं खुलली. तेच मला आजबी सगळ्यात घान वाटतं, तेंना राग आला नाय, बरं वाटलं. आदल्या दिशी जे आईकलं तेला पुरावा पायजे व्हता, तो माज्या तोंडातून निघाला.

महाडहून भट आनला. “बाळाला पंचगव्य प्राशन करवावे लागेल, म्हणजे शुद्ध होईल,” ते सोवळ्यातून नाकाला उपरनं लावून म्हनाले. शेन, गोमूत्र, दूध, दही, तूप, सगळं पळीत ढवळलं. तीन म्हैन्यांचं पोर, वरच्या दुदाचा थेंब ज्याला पचत नव्हता, तेच्या तोंडात ते वतलं. तोंडातून हिरवट फेस आला, नाकातून आला. “बाहेर आलं ते चालतं, जिभेला लागलं म्हणजे झालं,” भट म्हनाले. मी पदरानं तोंड पुसत व्हते आनि मागं पंगत बसली व्हती, शुद्धीचं जेवन, भात, वाटानं, वडे. भुरके मारत जेवले. एकानं तिसऱ्यांदा वडे मागितले, वाढायला मीच गेले, एका हातात पोर, अंगाला वकारीचा वास. तो माज्याकडं न बघता म्हनाला, “वडे खुसखुशीत झालेत गो!”

माजा दगडू जगला. कसा ते इचारू नका, आईनं वरनं कुडपणची व्याली शेरडी धाडली, तिचं दूध कसंतरी टिकलं. ह्यांनाबी मुंबईत काय झालं नव्हतं, दोन म्हैन्यांनी सुखरूप आले. दगडू आता साठीचा हाय, बँकेतून रिटायर झाला, घरात टीव्ही हाय. परवा टीव्हीवर कुनी शिकलेला मानूस सांगत व्हता, की इथून पुढच्या लढाया पैशासाठी, मुलखासाठी नाय, संस्कृती-संस्कृतींत व्हनार. दगडू जेवता जेवता म्हनाला, “बरोबर हाय, आई. तेंचं आपलं मुळातच जमायचं नाय. रक्तातच फरक.” आमटी भुरकून प्यायला नि हनवटीला लागली ती पुसली. मला थोरले भावजी दिसले. मी ताटावरून उठले, मोरीत जाऊन उभी राहिले.

मी अडानी, जगाचं मला काय कळनार. पन फरक तर आधीपासून व्हताच की. तिचा देव निराळा, आमचा निराळा, तिच्या घरचं पानी मी पीत नव्हते, आनि ती मला ते कदी देतबी नव्हती, मान राखून. कुंकू कपाळाला नको तर नारळाला लाव, एवढ्यात निभत व्हतं. तीन आठवडे त्या फरकातून पोर जगत व्हतं. तो फरक उठून कुनाला मारायला गेला नाय. सळी खाऊन आलेला एक मानूस, बरं वाटून घ्यायला बसलेली वाडी आनि पोर जाईल म्हनून भ्यालेली मी, आमी तिघांनी ते केलं. तेला संस्कृती म्हनायचं का काय म्हनायचं, ते शिकलेल्यांनी ठरवावं.

आता शेवटचं. शुद्धीला आठ दिस झाले असतील. वढ्यापल्याडचं मानूस आमच्याकडं फिरकत नव्हतं, आमचं कुनी तिकडं जात नव्हतं. सुकट मिळंना, तेंच्या मचव्यावर आमच्या वाडीचा भात चढंना. एका दिशी दुपारी भावजी महाडला गेलेले, आनि अंगनात दाऊद. तेच्या मागं, अंगनाच्या दगडी गडग्यापाशी, मोहल्ल्यातले दोन म्हातारे, दाढ्या पांढऱ्या, हात पाठीला. दाऊद उंबऱ्यापासून लांब उभा राहिला, पायताण काढून.

“भाबी,” तो म्हनाला. तेनं मला कदी भाबी म्हटलं नव्हतं, कदी बोललाच नव्हता. “मी भांडायला नाय आलो. जैनू घरात बसून हाय. जेवत नाय. आमचे लोक म्हनतात, काफराचं पोर पाजलंस ते पाजलंस, ओटी कशाला घेतलीस, आनि आता चोर म्हनून नाव झालं. ही बाय घरात ठेवू नको म्हनतात. मी तलाक देनार नाय. पन भाव, आई, सगळे एकीकडं झाले. मचवा तेंचा हाय. तुमच्या गावकीत येऊन बोला असं मी म्हनत नाय. हे दोन बुजुर्ग मी आनलेत. तेंच्या कानांवर एकदा घाला, की खन तुमी दिला. बाकी मी बघतो. तुमच्या मानसांना कळनार नाय, कुरानाची शपथ.”

गडग्यापाशी म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. शेजारच्या अंगनात एक बाय भात वाळवत व्हती, तिचा हात थांबला. कळनार नाय कसं? सांजपर्यंत भावजींच्या कानावर गेलं असतं. दगडू माज्या मांडीवर, नुकतंच पयलं दूध पोटात राह्यलेलं, ओठांवर दुदाची साय. आत्याबाय माज्या मागं दाराला धरून उभी. ती म्हनाली, अगदी हळू, “तुजं तू बघ गो.” आयुष्यात पयल्यांदा तिनं मला माजं माज्यावर सोडलं.

मी म्हनाले, “मी दिला नाय.”

दाऊदनं पायताण घातलं आनि तो गेला, म्हातारे तेच्या मागनं. म्हैन्याभरात ती दोघं पोरगी घेऊन मोहल्ला सोडून गेली, कुठं ते कुनी सांगितलं नाय, मी इचारलं नाय.

हे वाचनाऱ्या बायांनो, तुमी म्हनाल, मी तर खरं बोलले असते. मलाबी आज ऐंशी वर्सांची झाल्यावर तसंच वाटतं, मांडी मोकळी हाय ना. पन तेव्हाचं सांगा. तुमचं पोर मांडीवर, पयलं पुरलेलं, ह्याला काढून घेऊ म्हनतात, आनि अंगनात तो मानूस तुमच्या तोंडाकडं बघतोय, एकच वाक्य मागतोय, जे खरं हाय. तुमी काय केलं असतंत?